नागरिकाचा प्रश्न, सरकारचे कपाट

डिसेंबर 2006 मध्ये सर डेव्हिड वार्नी यांचा सार्वजनिक सेवांवरचा अहवाल ब्रिटनच्या अर्थखात्याने प्रसिद्ध केला. त्यात एका कुटुंबाची हकिकत होती. घरातले माणूस गेले. त्यानंतरच्या कागदोपत्री कामांसाठी मागे राहिलेल्यांना सरकारच्या निरनिराळ्या कार्यालयांशी तब्बल 44 वेळा संपर्क साधावा लागला. घटना एकच, सरकारही एकच. पण प्रत्येक खिडकीवर तीच दुःखद बातमी पहिल्यापासून सांगायची.

त्या वेळी ब्रिटिश सरकारकडे संकेतस्थळांची वाण नव्हती. महिन्याभरातच, जानेवारी 2007 मध्ये, सरकारने स्वतःची मोजदाद जाहीर केली. तिच्यात 951 संकेतस्थळे निघाली. त्यातली 551 बंद करायची असे ठरले. नक्की ठेवायची म्हणून ज्यांच्यावर शिक्का बसला ती अवघी 26. उरलेल्यांचे काय करायचे, त्याचा विचार व्हायचा होता.

माहिती होती, ती खरी होती, फुकट होती आणि चोवीस तास उघडी होती. ती सापडत मात्र नव्हती. सापडली तरी उमगत नव्हती. हा तिढा सोडवायला ब्रिटनला जवळपास वीस वर्षे लागली. त्या वीस वर्षांत जे शहाणपण हाती लागले ते संगणकाच्या तंत्राबद्दल फारसे नाही. माहितीची मांडणी बिघडते ती बहुतेक वेळा अधिकाराच्या वाटणीमुळे, हे त्या शहाणपणाचे सार आहे.

तीनदा बदललेली मांडणी

सुरुवात झाली 1994 मध्ये. सीसीटीए नावाच्या सरकारी संगणक संस्थेने ‘ओपन डॉट गव्ह डॉट यूके’ हे संकेतस्थळ उघडले. वेब तेव्हा बाल्यावस्थेत होते आणि सरकारने त्यावर असणे हेच अप्रूप होते. खात्यांची नावे क्रमाने लावलेली सूची हा त्याचा मुख्य भाग. आपले काम कोणत्या खात्याकडे येते हे ज्याला ठाऊक होते, त्याची सोय झाली. ज्याला ठाऊक नव्हते, त्याच्यासाठी विषयवार सूचीही होती. पण तीही शेवटी खात्याच्याच दारात नेऊन सोडत असे.

पुढे टोनी ब्लेअर यांच्या सरकारने मार्च 1999 च्या श्वेतपत्रिकेत सगळ्या सरकारी सेवा 2008 पर्यंत ऑनलाइन आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि वर्षभरात ती मुदत 2005 वर आणली. मुदत जवळ आली तशी प्रत्येक खात्याने घाई केली आणि संकेतस्थळांचे पीक आले. या गर्दीतून वाट काढून देण्यासाठी 2001 च्या सुमारास ‘यूके ऑनलाइन’ अवतरले. त्यामागची कल्पना मोठी शहाणी होती. माणूस सरकारकडे खात्याचा विचार करून येत नाही, आयुष्यातल्या प्रसंगामुळे येतो. मूल होणार आहे, घर बदलायचे आहे, गाडी शिकायची आहे, घरात कोणी गेले आहे. म्हणून मजकूर प्रसंगांनुसार लावला. पण प्रसंगावर टिचकी मारली की वाचक पुन्हा त्या त्या खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन पडे आणि तिथे खात्याचीच भाषा, खात्याचीच रचना. पाटी बदलली होती, कपाट जुनेच होते.

2004 मध्ये ‘यूके ऑनलाइन’च्या जागी ‘डायरेक्टगव्ह’ आले. सगळ्या सार्वजनिक सेवा एका ठिकाणी, असे त्याचे आश्वासन. या वेळी वाचकांचे गट पाडले गेले: पालक, वाहनचालक, अपंग व्यक्ती, पन्नाशी ओलांडलेले. कागदावर हे चांगले दिसते. पण बावन्न वर्षांची, गाडी चालवणारी, अपंग मुलाची आई नेमकी कोणत्या गटात जाणार? तिला हवी असलेली गोष्ट चारांपैकी कोणत्याही ठिकाणी असू शकत होती, किंवा चारही ठिकाणी थोडी थोडी. व्यावसायिकांसाठी ‘बिझनेस लिंक’ हे आणखी वेगळे संकेतस्थळ होते. स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्या माणसाने आपण नागरिक की व्यावसायिक, हे आधी ठरवायचे आणि मग प्रश्न विचारायचा.

तीन वेळा मांडणी बदलली: आधी खात्यानुसार, मग प्रसंगानुसार, मग वाचकानुसार. तिन्ही वेळा हुशार माणसांनी मनापासून काम केले. तिन्ही वेळा मूळ मजकुराला कोणी हात लावला नाही, कारण तो हात लावण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता. ज्याचे पान त्याचे राज्य.

एक पत्र

मे 2010 मध्ये ब्रिटनमध्ये आघाडी सरकार आले. तिजोरीत खडखडाट होता आणि काटकसर हा परवलीचा मंत्र होता. कॅबिनेट कार्यालयाचे मंत्री फ्रान्सिस मॉड यांनी डायरेक्टगव्हची झाडाझडती घेण्याचे काम मार्था लेन फॉक्स यांच्याकडे दिले. 1998 मध्ये सुरू झालेल्या ‘लास्टमिनिट डॉट कॉम’ या प्रवासविक्रीच्या कंपनीच्या त्या सहसंस्थापक. सरकारी नोकरशाहीत वाढलेल्या नव्हत्या, त्यामुळे तिच्या शिष्टाचाराचे त्यांना ओझे नव्हते.

14 ऑक्टोबर 2010 ही तारीख असलेला त्यांचा अहवाल पत्राच्या स्वरूपात होता आणि नोव्हेंबरात तो जाहीर झाला. त्याच्या शीर्षकातच टप्प्याटप्प्याने सुधारणा नको, क्रांती हवी, अशी मागणी होती. सरकारी सेवा वापरणाऱ्या माणसाला सगळीकडे एकच सरकार दिसावे, हा पहिला मुद्दा. त्यासाठी कॅबिनेट कार्यालयात एक मध्यवर्ती चमू असावा, सर्व खात्यांच्या ऑनलाइन मजकुरावर आणि वापरकर्त्याच्या अनुभवावर त्या चमूचा निर्विवाद ताबा असावा आणि त्याच्या प्रमुखाला खर्चावरही अंकुश ठेवता यावा, हा दुसरा.

पहिला मुद्दा आधीच्या प्रत्येक अहवालात कुठल्या ना कुठल्या शब्दांत आलेला होता. दुसरा नवा होता आणि स्फोटक होता. ब्रिटिश राज्यव्यवस्थेत खाते म्हणजे मंत्र्याचे संस्थान. तिथे दुसऱ्याने येऊन मजकूर खोडायचा? मॉड यांनी पत्र स्वीकारले आणि त्याच्यामागे राजकीय वजन उभे केले. पुढे जे घडले त्याचे मूळ या वजनात आहे.

बारा आठवडे

2011 च्या सुरुवातीला लंडनच्या लॅम्बेथ भागातल्या हर्क्युलिस हाउस या सरकारी इमारतीत एक छोटा गट जमला. टॉम लूजमोर त्याचे नेतृत्व करत होते; बीबीसी आणि चॅनल फोरच्या डिजिटल कामाचा त्यांना अनुभव होता. काही बाहेरचे प्रोग्रामर आणि डिझायनर, काही सरकारी नोकर. सरकारी प्रकल्प म्हणजे आधी शेकडो पानांचा आराखडा, मग निविदा, मग वर्षा-दोन वर्षांनी हाती पडणारे काहीतरी, ही तिथली रीत. या गटाने बारा आठवड्यांत चालता नमुना करून 11 मे 2011 रोजी तो लोकांसमोर ठेवला. खर्च आला 2 लाख 61 हजार पौंड. नमुना कच्चा होता आणि तो कच्चा आहे हे त्यावरच लिहिले होते. चुका काढा, आम्हाला सांगा, असे जाहीर आवाहनही होते.

त्या नमुन्यात मेन्यूची भली मोठी रांग नव्हती. शोधण्याची मोठी चौकट होती आणि लोकांना वारंवार लागणाऱ्या कामांची पाने होती. बहुतेक लोक गूगलमध्ये प्रश्न टाकून थेट आतल्या पानावर उतरतात, मुखपृष्ठ बघायला कोणी येत नाही, हे या मंडळींनी गृहीत धरले होते. त्यामुळे संकेतस्थळाचे प्रत्येक पान हेच एखाद्यासाठी पहिले पान असणार होते. मागचापुढचा संदर्भ नसताना त्या पानाने त्याचे काम केले पाहिजे.

जुलै 2011 मध्ये ‘गार्डियन’ वृत्तपत्रातून आलेले माइक ब्रॅकन डिजिटल विभागाचे प्रमुख झाले. डिसेंबरात हॉबर्नमधल्या एव्हिएशन हाउसमध्ये गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस, म्हणजे जीडीएस, रीतसर सुरू झाली. जानेवारी 2012 अखेर ‘गव्ह डॉट यूके’ची चाचणी आवृत्ती आली. एप्रिल 2012 मध्ये जीडीएसने आपली डिझाइनची तत्त्वे जाहीर केली. पहिले तत्त्व होते गरजेपासून सुरुवात करण्याचे, आणि ही गरज वापरणाऱ्याची, सरकारची नव्हे, असा खुलासा त्याला मुद्दाम जोडला होता. दुसरे तत्त्व कमी करण्याचे: जे फक्त सरकारच करू शकते तेवढेच सरकारने करावे.

या दुसऱ्या तत्त्वाचा पहिला गाजलेला बळी म्हणजे मधमाश्या. डायरेक्टगव्हवर मधमाश्यापालनाचा सल्ला देणारा मजकूर होता. तो चुकीचा नव्हता. पण मधमाश्या पाळणाऱ्यांच्या संघटना तीच माहिती अधिक चांगली देत होत्या आणि ती देणे हे सरकारचे काम नव्हते. पान गेले. एक पान गेल्याने काय बिघडते किंवा सुधरते, असे वाटेल. पण शोधाच्या निकालात येणारे प्रत्येक अनावश्यक पान गरजेच्या पानाला खाली ढकलते. शोध सुधारण्याचा स्वस्त उपाय म्हणजे मजकूर कमी करणे, हे जीडीएसने हिशेबात धरले.

पान लिहायचे कसे

खरी उलथापालथ झाली ती लेखनात. सारा रिचर्ड्स यांच्या हाताखालच्या चमूने सरकारी मजकूर लिहिण्याची रीतच बदलली. या कामाला त्यांनी ‘कंटेंट डिझाइन’ म्हटले आणि पुढे जगभर तो एक वेगळा पेशा झाला.

आधी गरज एका ठरावीक साच्यात लिहायची: मी कोण, मला काय हवे, कशासाठी हवे. अशी वाक्ये नोंदवायला त्यांनी ‘नीडोट्रॉन’ नावाचे साधनच तयार केले. गरजेचे वाक्य लिहिता आले नाही तर पानही नाही. खात्याला ते पान कितीही प्रिय असले तरी नाही. गरज पटली की लोक ती कोणत्या शब्दांत शोधतात ते शोधाच्या आकडेवारीतून बघायचे. वाहनावरच्या कराचे कायद्यातले नाव व्हेइकल एक्साइज ड्यूटी. शोधाच्या चौकटीत ते कोण कशाला टाइप करील? लोक कार टॅक्स म्हणतात. म्हणून पानाचे नाव ‘आपल्या वाहनाचा कर भरा’ अशा अर्थाचे, साधे आणि क्रियापदाने काम सांगणारे.

बँक हॉलिडेचे पान मुद्दाम जवळून बघण्यासारखे आहे. सार्वजनिक सुट्टी कधी, हा ब्रिटनमध्ये लाखो लोक विचारतात असा प्रश्न. जुन्या पद्धतीच्या पानावर सुट्ट्यांविषयी प्रास्ताविक, नियम, कामगारांचे हक्क आणि मग तारखांची यादी असा क्रम असे. नव्या पानावर सगळ्यात वर, ठळक मोठ्या अक्षरांत, एकच गोष्ट आली: पुढच्या सुट्टीची तारीख. बहुतेकांचे काम तिथेच, दोन सेकंदांत संपते. ज्याला वर्षाचे नियोजन करायचे आहे त्याच्यासाठी खाली पूर्ण यादी आहे, आणि इंग्लंड-वेल्स, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांच्या सुट्ट्या वेगळ्या असल्याने तिघांचे तक्ते वेगळे आहेत. सुट्टीच्या दिवशी पानावर पताकांचे तोरण झळकते, तेवढीच हौस. या पानावर माहिती पूर्वीइतकीच आहे. बदलला तो क्रम, आणि तो विचारणाऱ्याच्या घाईनुसार ठरला.

गुंतागुंतीच्या प्रश्नांना दुसरा उपाय लागला. प्रसूतिरजेचा पगार किती मिळेल, याचे उत्तर नोकरी कधी लागली, पगार किती, बाळंतपणाची तारीख कोणती, यावर ठरते. सगळ्या अटी एका पानावर छापल्या तर वाचणाऱ्याला स्वतःपुरते निवडून काढावे लागते. त्याऐवजी एका वेळी एक प्रश्न विचारायचा आणि शेवटी फक्त त्या व्यक्तीला लागू पडणारे उत्तर द्यायचे. ब्रिटनच्या व्हिसाची चौकशी केलेल्या मराठी वाचकांना ही पद्धत ओळखीची असेल. पासपोर्ट कोणत्या देशाचा, असे पान विचारते. भारत निवडले की जाण्याचे कारण विचारते: पर्यटन, शिक्षण, नोकरी की नुसते विमान बदलायचे आहे. दोन-चार टिचक्यांत तुमच्यापुरते उत्तर समोर येते. कामगारांना आणि विद्यार्थ्यांना लागू असणारे शेकडो नियम पर्यटकाला दिसतच नाहीत.

वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची यादी, जी आपल्याला जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळावर दिसते, तिच्यावर रिचर्ड्स यांचा विशेष राग. असे प्रश्न खरोखर वारंवार विचारले जात असतील तर त्यांची उत्तरे मूळ पानातच हवीत, आणि विचारले जात नसतील तर ती यादी हवीच कशाला, हा त्यांचा रोख होता. भाषा नऊ वर्षांच्या मुलाला वाचता येईल अशी ठेवायची, असा दंडक घातला गेला. सरकारी पत्रकांत मिरवणारे पोकळ शब्द टाळायची यादी निघाली. सोपे लिहिणे म्हणजे तज्ज्ञांचा अपमान, असा आक्षेप आला. तज्ज्ञांना तर सगळ्यांत जास्त वाचावे लागते, तेव्हा त्यांचाच वेळ वाचतो, असे त्यावरचे उत्तर.

यात अधिकाराची एक बारीक पण निर्णायक तरतूद होती. लोकांना नेहमी लागणाऱ्या पानांचा मजकूर जीडीएसचे लेखक लिहीत आणि मग तो संबंधित खात्याकडे तपासायला जाई. खात्याने तपासायचे ते तथ्य. आकडा चुकला, नियम चुकला, तर सांगा. वाक्यरचना आवडली नाही, साहेबांचा संदेश राहिला, हे कारण चालणार नाही. आधीच्या दशकभरात कोणालाच न मिळालेली सत्ता ती हीच.

ऑक्टोबरची रात्र

17 ऑक्टोबर 2012 रोजी डायरेक्टगव्ह आणि बिझनेस लिंक ही दोन्ही संकेतस्थळे बंद झाली आणि त्यांची जागा गव्ह डॉट यूकेने घेतली. मध्यरात्रीनंतर जुना पत्ता टाकणारा माणूस नव्या पानावर पोहोचू लागला.

हे वाटते तितके सोपे नव्हते. वर्षानुवर्षे त्या पत्त्यांचे दुवे पत्रकांत छापले गेले होते, वाचनालयांच्या भिंतींवर लागले होते, हजारो लोकांनी जपून ठेवले होते. जीडीएसच्या लोकांनी जुन्या पत्त्यांची यादी घेऊन प्रत्येकासमोर नवा पत्ता लिहिला. ज्या मजकुराला नव्या घरात जागा नव्हती त्याचा वाचक राष्ट्रीय अभिलेखागाराने जतन केलेल्या वेब-प्रतीकडे वळवला गेला. एकही दुवा वाऱ्यावर सोडायचा नाही, अशी प्रतिज्ञाच त्यांनी केली होती. संकेतस्थळ नवे करताना जुने पत्ते मारून टाकणे हा आपल्याकडचा नित्याचा प्रकार. त्या पार्श्वभूमीवर हे कंटाळवाणे, कारकुनी वळणाचे काम किती मोलाचे होते ते कळते.

नोव्हेंबर 2012 पासून मंत्रालयांचे स्थलांतर सुरू झाले. 2013 च्या वसंतापर्यंत सगळी 24 मंत्रालये नव्या पत्त्यावर आली आणि डिसेंबर 2014 पर्यंत तीनशेहून अधिक उपसंस्था आल्या. 2014 मध्येच व्हिसा आणि स्थलांतराचा मजकूरही इथे आला.

एप्रिल 2013 मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने गव्ह डॉट यूकेला त्या वर्षीच्या सर्वोत्तम डिझाइनचा पुरस्कार दिला. हा मान संकेतस्थळाला पहिल्यांदाच मिळत होता. स्पर्धेत लंडनची शार्ड ही गगनचुंबी इमारत होती आणि थॉमस हेदरविक यांनी ऑलिंपिकसाठी घडवलेले ज्योतिपात्रही होते. त्यांच्यापुढे पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे आणि एक हिरवे बटण एवढाच ऐवज असलेले सरकारी संकेतस्थळ जिंकले, तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या. त्या अक्षरांची वंशावळ मात्र मोठी होती. जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी पन्नास-साठच्या दशकांत ब्रिटनच्या रस्त्यांवरचे फलक नव्याने घडवले. धावत्या गाडीतून क्षणार्धात वाचता यावे म्हणून त्यांनी ट्रान्सपोर्ट नावाचा टंक काढला. त्याचीच कॅल्व्हर्ट आणि हेनरिक कुबेल यांनी केलेली नवी आवृत्ती बेन टेरेट यांच्या डिझाइन चमूने संकेतस्थळासाठी घेतली. फलकाचे काम वाट दाखवणे, स्वतःकडे लक्ष वेधणे नव्हे, हा धडा टंकाबरोबरच आला.

यशानंतरची अडचण

इथवर सांगून थांबलो तर ती सरकारी यशोगाथा होईल. पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे.

नेहमीच्या गरजांची काही हजार पाने जीडीएसच्या ताब्यात होती. पण मंत्रालये आणि उपसंस्था आल्या त्या आपला मजकूर घेऊन. धोरणपत्रे, आकडेवारी, परिपत्रके, तांत्रिक मार्गदर्शन. ‘व्हाइटहॉल’ नावाच्या प्रकाशनप्रणालीतून शेकडो अधिकारी आपापली पाने चढवू लागले. एकूण पाने लाखांच्या घरात गेली. एका बाजूला करसल्लागार आणि इतर जाणकार तक्रार करू लागले की आम्हाला लागणारा बारकावा सोपे करण्याच्या नादात हरवला. दुसऱ्या बाजूला सामान्य माणसाला शोधाच्या निकालात आपल्या पानाशेजारी अधिकाऱ्यांसाठीची परिपत्रके दिसू लागली. सगळी कपाटे एका खोलीत आली होती, आणि आतला पसारा ज्याचा त्याचा होता.

दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. पहिली सांगते की सर्वसामान्य वाचक डोळ्यांपुढे ठेवताना जाणकार वाचकालाही गरजा असतात, हे मोजणीतून निसटले होते. दुसरी सांगते की नकाराचा अधिकार काही हजार पानांपुरता होता, लाखो पानांपुरता नव्हता.

मग 2016 च्या सुमारास सगळ्या मजकुराला एकच विषयवार रचना देण्याचे काम हाती घेतले गेले. 2017 मध्ये शिक्षण या विषयापासून सुरुवात झाली आणि पुढे जुन्या पानांना विषयाच्या खुणा लावण्यासाठी यंत्र-शिक्षणाचीही मदत घेतली गेली. इथे आपल्याकडच्या एका माणसाची आठवण अटळ आहे. शियाळी रामामृत रंगनाथन. मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करताना त्यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा. 1933 मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. पुस्तकाला एकाच फांदीवर टांगण्याऐवजी त्याच्या विषयाचे पैलू वेगळे करायचे आणि गरजेप्रमाणे जोडायचे, हा तिचा गाभा. डायरेक्टगव्हने त्या बावन्न वर्षांच्या आईला चार गटांपैकी एक निवडायला लावले होते. पैलूंनी विचार केला तर निवड करावीच लागत नाही; एकाच पानाला अनेक खुणा लागतात आणि कोणत्याही बाजूने आले तरी ते सापडते. संकेतस्थळांची रचना शिकवणारे आज हा विचार सर्रास शिकवतात आणि त्याचे श्रेय रंगनाथनांना देतात.

2018 मध्ये गव्ह डॉट यूकेने आणखी एक पाऊल टाकले. एखाद्या कामाचे सगळे टप्पे, मग ते कोणत्याही खात्याचे असोत, एका पानावर क्रमाने मांडायचे. पहिले पान होते गाडी शिकण्याचे: वय आणि अटी तपासा, तात्पुरता परवाना काढा, नियमांचा अभ्यास करा, त्यांची परीक्षा द्या, मग गाडी चालवण्याची. गाडी शिकणे हाच प्रसंग 2001 च्या ‘यूके ऑनलाइन’नेही निवडला होता. सतरा वर्षांपूर्वी ती कल्पना फसली आणि आता चालली, याचे कारण उघड आहे. तेव्हा प्रसंगाच्या मथळ्याखाली परक्या पानांचे दुवे होते. आता प्रत्येक टप्प्याचे पान त्या वाटसरूसाठीच लिहिलेले होते आणि ते लिहिणाऱ्यांना बदलण्याची मुभा होती. मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या साथीत देशभराची माहिती एका पानावर झटपट आणता आली, तीही याच पायावर.

जीडीएसचा धडा इतर देशांनी लगोलग घेतला. 2014 मध्ये अमेरिकेत, 2015 मध्ये ऑस्ट्रेलियात तशाच धर्तीची केंद्रीय डिजिटल पथके उभी राहिली. आपल्याकडे एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेने 2009 मध्येच भारतीय सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आहेत. ती चांगली आहेत. मजकूर वेळोवेळी तपासावा, कालबाह्य झालेला संग्रहात हलवावा, हेही त्यांत आहे. पण ते नियम प्रत्येक खात्याने स्वतःच स्वतःला लावायचे आहेत. ब्रिटनमध्ये 2010 पर्यंत नेमके हेच चालले होते.

म्हणून महापालिकेचे असो, विद्यापीठाचे असो की आपल्या गृहनिर्माण संस्थेचे, नव्या संकेतस्थळाची बैठक बसेल तेव्हा रंग, चित्रे आणि मेन्यूच्या आधी दोन प्रश्न विचारावेत. लोक इथे कोणते काम घेऊन येतात, त्याची यादी कोणी केली आहे का? आणि अनावश्यक पान काढून टाकण्याचा अधिकार नेमका कोणाकडे आहे? दुसऱ्या प्रश्नाला एका माणसाचे नाव मिळत नसेल, तर मेन्यू कितीही वेळा बदला, हाती तेच लागेल.